परवानगी लागत नाही तेव्हा

इंग्लंडमध्ये राहत्या घराच्या छपरावर सोलर पॅनल बसवायचे तर बहुतेकांना कौन्सिलकडे अर्ज करावा लागत नाही. पहिल्या भेटीत मी हे सांगते तेव्हा समोरच्याला आधी हायसं वाटतं आणि लगेच शंका येते. संवर्धन क्षेत्रात आपल्याच अंगणातल्या झाडाची फांदी तोडायची तरी कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं, असा हा देश. तिथे छपराचा अख्खा पाखा काळ्या काचेने झाकायला कुणाला विचारायचं नाही, हे सहज पटत नाही. "नक्की ना?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतो.

मी मूळची सांगलीची. इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले, लग्नानंतर लेस्टरला आले आणि २०१० नंतर इथे छपरावरच्या सोलरची लाट आली तेव्हा एका छोट्या कंपनीत कामाला लागले. तेव्हापासून काम साधारण तेच आहे. घरी जायचं, माळ्यावर चढून वासे तपासायचे, छपराची मापं घ्यायची, धुरांड्याची आणि झाडांची सावली दिवसभरात कशी फिरते ते काढायचं आणि पॅनलांचा आराखडा करायचा. या घराला परवानगी लागेल की नाही, हेही मलाच सांगावं लागतं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. परवानगीतून सूट मिळाली म्हणून परवानगीच्या वेळी विचारले जाणारे प्रश्न संपत नाहीत. ते कौन्सिलच्या टेबलावरून उठून छपरावर चढणाऱ्या माणसाकडे येतात. त्याने ते विचारले नाहीत, तर मग कुणीच विचारत नाही.

ही सूट आली कुठून, ते थोडं सांगायला हवं. आपल्याकडे स्वातंत्र्याची धामधूम चालू होती त्याच ऑगस्ट १९४७ मध्ये इथे नगररचनेचा मोठा कायदा मंजूर झाला. जमीन तुमची असली तरी तिच्यावर नवं बांधकाम करायचं की नाही हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही, असं त्या कायद्याने ठरवलं. पण प्रत्येक कुंपणासाठी आणि प्रत्येक पडवीसाठी अर्ज घेत बसलं तर कचेऱ्या बुडून जातील, म्हणून किरकोळ कामांना सरकार एका आदेशाद्वारे देशभर सरसकट मोकळीक देतं. एप्रिल २००८ मध्ये घरगुती सोलर या किरकोळ कामांत गणलं गेलं. सध्या लागू असलेला आदेश २०१५ चा आहे आणि त्याच्या १४ व्या भागात सोलर आहे.

अटी थोडक्या आहेत. पॅनल छपराच्या किंवा भिंतीच्या पृष्ठभागापासून २०० मिलिमीटरपेक्षा पुढे येता कामा नये. उतरत्या छपरावर ते धुरांडं वगळता छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा वर जाता कामा नये. वारसा यादीतल्या इमारतीला ही सूट नाही. संवर्धन क्षेत्रात रस्त्याकडे तोंड असलेल्या भिंतीवर पॅनल लावता येत नाहीत. छपरावर मात्र तिथेही लावता येतात, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. या मोजता येणाऱ्या अटींच्या खाली आणखी दोन ओळी आहेत. इमारतीच्या रूपावर आणि परिसराच्या शोभेवर होणारा परिणाम शक्य तितका कमी राहील अशा रीतीने पॅनल बसवावेत, ही एक. गरज संपल्यावर ते शक्य तितक्या लवकर काढून टाकावेत, ही दुसरी.

आमच्या धंद्यात वरच्या अटी सगळ्यांना पाठ असतात आणि या दोन ओळी फारसं कुणी वाचत नाही, कारण त्यांना टेप लावता येत नाही. माझ्या मते खरं काम तिथेच आहे.

हे मला कळलं ते २०११ च्या हिवाळ्यात. त्या वेळी सरकार छोट्या घरगुती सोलरला प्रत्येक युनिटमागे ४३.३ पेन्स देत असे, तेही पंचवीस वर्षांसाठी. ३१ ऑक्टोबरला जाहीर झालं की १२ डिसेंबरपासून नोंद होणाऱ्यांना हा दर २१ पेन्स होईल. सहा आठवडे. फोन थांबेनात. परांची बांधणारे मिळेनात, पॅनल मिळेनात, कौलांखाली बसवायच्या आकड्यांचा तुटवडा झाला. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला अंधारून येतं. कपाळाला दिवे बांधून माणसं ओल्या छपरांवर काम करत होती. आराखड्याला वेळ नव्हता. जागा मिळेल तिथे पॅनल बसत होते. खिडकीच्या एका बाजूला दोन उभे, दुसऱ्या बाजूला एक आडवा, धुरांड्यामागे सावलीत आणखी एक. २०० मिलिमीटरची अट सगळीकडे पाळलेली होती. कायद्याच्या नजरेत प्रत्येक छप्पर निर्दोष होतं.

पुढे न्यायालयाने ती घाईची कपात बेकायदा ठरवली. लोकांकडून मागवलेल्या हरकतींची मुदत संपण्याआधीच नवा दर लावायचा घाट सरकारने घातला होता. म्हणजे ती सगळी धावपळ १२ तारखेसाठी करायची गरजच नव्हती. ती छपरं मात्र तशीच राहिली. लेस्टरच्या काही गल्ल्यांतून जाताना मला ती आजही ओळखू येतात. अजून वीज देतात, मालकांना पैसे देतात, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला रोज दिसतात. त्यांच्यापैकी एकासाठीही कौन्सिलमध्ये अर्ज गेला असता, तर नकाशा बघून एखाद्या कारकुनाने तरी विचारलं असतं, हा एक पॅनल असा तिरपा का?

तेव्हापासून मी आराखडा काढताना समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहते. छपरावरून घर दिसत नाही, ते रस्त्यावरून दिसतं. पॅनलांची रांग खिडक्यांच्या रेषेत येते का, दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटते का, काळ्या चौकटीचे पॅनल स्लेटवर बरे दिसतील का, हे तिथून ठरतं. कधी कधी एखादा पॅनल वगळावा लागतो. ग्राहक नाराज होतो. मी त्याला हिशेब दाखवते. आमच्या भागात दक्षिणेकडच्या पाख्यावरचा एक पॅनल वर्षाला साडेतीनशे युनिटच्या आसपास देतो. त्यातले किती आपण स्वतः वापरणार आणि किती ग्रिडला विकणार, हे मांडलं की तो शेवटचा कोपऱ्यातला पॅनल किती मोलाचा आहे ते समजतं. काही जण तरीही म्हणतात, हवाच. छप्पर त्यांचं आहे, मी लावून देते. पण बरेच जण फुटपाथवर माझ्यासोबत येऊन बघतात आणि मत बदलतात.

शेजाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. परवानगीचा अर्ज केला की कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवते आणि त्यांना म्हणणं मांडायला एकवीस दिवस मिळतात. पुष्कळांना हा जाच वाटतो. सूट मिळाली की हे पत्र जात नाही. आणि मग शेजाऱ्याला पहिली खबर लागते ती सकाळी परांचीचे लोखंडी नळ दारासमोर उतरताना.

एका रांगेतल्या घरांपैकी मधल्या घरी आमचं काम होतं. शेजारी एकटे राहणारे वयस्कर गृहस्थ, त्या घरात चाळीसेक वर्षं काढलेले. ते बाहेर आले आणि त्यांनी मला एकच विचारलं, "हे कुणाला विचारून चाललंय?" कायद्याने विचारायची गरज नाही, हे मी सांगितलं. ते खरंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की उत्तर खरं असलं तरी त्यांच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यांची भीती पावसाची होती. खडबडीत कौलांवरून पाणी सावकाश उतरतं आणि पन्हळीत पडतं. काचेवरून ते सुसाट येतं. पॅनलची खालची कड वळचणीच्या फार जवळ असली तर जोरदार पावसात पाणी पन्हळ ओलांडून पलीकडे पडतं, आणि त्यांच्या काचेच्या पडवीचं छत बरोबर त्या रेषेत होतं. बर्फ पडलं तर सगळा थरच्या थर घसरून तिथे आदळला असता. म्हाताऱ्यांचं बरोबर होतं. आम्ही पॅनलांची रांग वर सरकवली आणि त्यांच्या बाजूला छपराची मोकळी पट्टी रुंद ठेवली. एकवीस दिवसांची मुदत असती, तर हीच गोष्ट त्यांनी चार ओळींत लिहून कळवली असती.

त्यानंतर मी कंपनीत हट्ट धरला. परवानगी लागो न लागो, काम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरांत आम्ही चिठ्ठी टाकतो. कधी काम, परांची कुठे, किती दिवस, पॅनल कुठे, फोन नंबर. सुरुवातीला सहकारी म्हणाले, झोपलेल्यांना कशाला उठवता. काही चिठ्ठ्यांवर खरोखरच कटकटीचे फोन आले. पण परांची शेजाऱ्याच्या जमिनीवर टेकवायची असेल तर त्याची संमती नाहीतरी घ्यावीच लागते, आणि आधी बोललेला शेजारी ती देतो. चिठ्ठी वाचून कित्येक शेजाऱ्यांनी स्वतःच्या छपराची चौकशी केली, हा त्यातला फायद्याचा भाग.

शेजाराचा आणखी एक पैलू २०१९ साली न्यायालयात स्पष्ट झाला. केंटमधल्या मेडवे कौन्सिलच्या हद्दीत एका घराच्या वाढीव बांधकामाची सावली शेजारच्या सोलर पॅनलांवर पडणार होती. पॅनलवाल्याने हरकत घेतली. हा तुमचा खासगी प्रश्न आहे, असं कौन्सिलने ठरवलं. उच्च न्यायालयाने सांगितलं की तसं म्हणता येणार नाही. हवामानबदलाशी झगडण्यात घरगुती सोलरचा वाटा आहे, तेव्हा बांधकामाला परवानगी देताना पॅनलांवरच्या सावलीचा विचार झालाच पाहिजे. म्हणजे मी पॅनल लावताना शेजाऱ्याला विचारायला कायदा मला भाग पाडत नाही, पण शेजाऱ्याने घर वाढवायचं म्हटलं की माझ्या पॅनलांचा विचार करावा लागतो. मला हा निकाल योग्य वाटतो. आणि त्यामुळेच आधी जाऊन बोलण्याचं माझ्यावरचं ओझं वाढतं, असंही वाटतं.

सूट कुठे संपते याची रेघ कधी कधी फारच विचित्र जागी पडते. १९६० च्या दशकातलं सपाट छताचं एक घर होतं. तरुण नवरा-बायको, दोन मुलं, विजेवर चालणारी गाडी. सपाट छतावर पॅनल पूर्ण आडवे ठेवले तर पाणी आणि घाण साचते, म्हणून साधारण दहा अंशांचा उतार द्यावा लागतो. वरची कड छतापासून तीसेक सेंटिमीटर उंच जाते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे छपराच्या सर्वांत उंच भागाच्या वर काही जाणार असेल तर सूट नाही. सपाट छताला सगळाच भाग सर्वांत उंच! समोरच्या घराच्या उतरत्या छपरावर पॅनल होते. ते लांबून दिसत आणि त्यांना परवानगी लागली नव्हती. यांचे पॅनल कठड्याआड झाकले जाणार होते, रस्त्यावरून दिसलेही नसते. त्यांना अर्ज, २०६ पौंड शुल्क, नकाशे आणि आठ आठवडे.

दोन हरकती आल्या. एकीत लिहिलं होतं की काचेवरून परतलेला उजेड आमच्या झोपण्याच्या खोलीत येईल. मी सूर्याचे कोन मांडून अहवाल केला. उन्हाळ्याच्या काही दिवसांत संध्याकाळी थोडी मिनिटं तिरीप येऊ शकली असती. पॅनलांची दिशा किंचित फिरवली की तीही टळत होती. कौन्सिलने आणखी कागद मागितले. दरम्यान त्या कुटुंबाच्या गृहकर्जाचा हप्ता वाढला आणि त्यांनी अर्ज मागे घेतला.

२१ डिसेंबर २०२३ पासून नियम बदलला. घरांच्या सपाट छतांवर ६० सेंटिमीटरपर्यंतच्या उंचीला सूट मिळाली. संवर्धन क्षेत्रात मात्र त्यासाठी कौन्सिलची पूर्वमान्यता घ्यावी लागते. मी जुना आराखडा काढला, तारीख बदलली आणि त्या घरी पाठवला. पुढच्या वसंतात काम झालं. त्याआधी मी उजेडाची हरकत घेणाऱ्या शेजारणीकडे गेले. आता त्यांच्या हरकतीला कायद्यात काही स्थान उरलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी फिरवलेल्या दिशेचा नकाशा दाखवला आणि कोणत्या तारखांना काय दिसेल ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता हे मला सांगायला तुम्ही बांधील नाही." मी म्हटलं, "तुमची खोली तर तिथेच आहे." नियम बदलला तो बरोबरच बदलला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरगुती कामांच्या अर्जाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ५२८ पौंड झालं. तेवढे पैसे आणि तेवढे आठवडे कठड्याआडच्या आठ-दहा पॅनलांसाठी खर्च करायला लावणं अन्याय ठरलं असतं.

जिथे सूट नाही तिथलं काम कंटाळवाणं असतं अशी माझी समजूत होती. ती एका संवर्धन अधिकाऱ्याने मोडली. वारसा यादीतलं दगडी घर, आणि बागेच्या टोकाला अलीकडे बांधलेलं साधं गॅरेज. मालकांचं म्हणणं, यादीत घर आहे, गॅरेज नाही, तेव्हा गॅरेजवर लावा. तसं नाही. घर यादीत असेल तर त्याच्या आवारातल्या इतर इमारतींनाही ही सूट मिळत नाही. आणि यादीतल्या इमारतीत संमतीविना फेरबदल करणं इथे फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे चालून जाईल म्हणण्याला जागा नाही. अर्ज केला. अधिकारी बाई आल्या आणि गॅरेजकडे न बघता सरळ बाहेर पडल्या. चर्चच्या आवारातली पायवाट, मागची गल्ली, कोपऱ्यावरचा बाक, प्रत्येक ठिकाणाहून त्या घराकडे बघत राहिल्या. अनोळखी माणसाला हे घर पहिल्यांदा कुठून दिसतं, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटी त्यांनी दक्षिणेऐवजी पश्चिमेचा पाखा सुचवला. वीज थोडी कमी मिळणार होती, पण चर्चकडून येणाऱ्याला दगडी भिंत आणि तिच्यामागची बाग पूर्वीसारखीच दिसणार होती. परवानगी मिळाली. समोरच्या फुटपाथवर उभी राहण्याची माझी सवय त्या दिवसापासून गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

यादीतल्या इमारतीवर सोलर अशक्य, असं लोक गृहीत धरून चालतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं चॅपल हे या देशातल्या अत्यंत मोलाच्या इमारतींपैकी एक. त्याच्या छपरावर २०२३ मध्ये चारशेहून अधिक पॅनल बसले. वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचा विरोध होता, चर्चा झाली, कौन्सिलने दोन्ही बाजू ऐकल्या आणि परवानगी दिली. ग्लॉस्टरच्या कॅथिड्रलवर त्याआधी २०१६ मध्येच दीडशे पॅनल चढले होते. सूट नसली की सगळ्यांसमोर बोलून ठरवावं लागतं, आणि बोलून ठरवलेलं कधी कधी फार चांगलं ठरतं.

उलट, नगररचनेच्या कायद्यातून सुटलं म्हणजे सगळ्याच कायद्यांतून सुटलं, असं समजणारेही भेटतात. माळ्यावर चढले की मी वाशांबरोबर जमीनही बघते. बारीक काळ्या लेंड्या दिसल्या तर हातमोजा घालून एक चुरडायची. भुगा झाला तर वटवाघूळ, टणक राहिली तर उंदीर. वटवाघळांचा निवारा बिघडवणं इथे गुन्हा आहे, मग पॅनलना परवानगी लागो वा न लागो. तज्ज्ञ बोलवावा लागतो, तो उन्हाळ्यातल्या संध्याकाळी येऊन मोजणी करतो, आणि काम काही महिने पुढे जातं. एका ग्राहकाने रागाने दुसरी कंपनी बघितली. त्या कंपनीच्या माणसाने माळ्यावर पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

नव्या वसाहतींत वेगळाच अडसर. घर विकत घेताना सही केलेल्या कागदात कुठेतरी लिहिलेलं असतं की विकासकाच्या संमतीविना बाहेरून काही बदलायचं नाही. सरकारने दिलेली सूट हा खासगी करार पुसत नाही. तुमची खरेदीची कागदपत्रं काढा, असं मी आता पहिल्याच फोनवर सांगते. विजेच्या कंपनीचं वेगळंच. ३.६८ किलोवॅटपर्यंतच्या इन्व्हर्टरला बसवल्यावर २८ दिवसांत कळवलं तरी चालतं, त्याहून मोठ्याला आधी मान्यता हवी. आणि छपराच्या ताकदीचा हिशेब तर करायलाच हवा. वजनापेक्षा वाऱ्याच्या उचलण्याची चिंता जास्त असते.

कारखान्यांच्या छपरांबद्दल थोडक्यात सांगते. एम-१ महामार्गाच्या कडेने आमच्या भागात प्रचंड गोदामं आहेत. त्यांना २०१५ पासून एक मेगावॅटपर्यंत सूट होती, फक्त रूप आणि शेजाऱ्यांवर पडणारी चमक तपासायला कौन्सिलला ५६ दिवस मिळत. दुप्पट पॅनल मावतील अशी छपरं असूनही मालक मेगावॅटच्या अलीकडे थांबायचे, कारण पुढे पूर्ण अर्जाची वाट होती. २०२३ च्या त्याच दुरुस्तीत ती मर्यादा गेली. मात्र आज कागद मोकळे झाले तरी विजेच्या जाळ्यात जागा नाही, असं उत्तर येतं. गोदामांच्या रिकाम्या छपरांकडे बघताना मला हळहळ वाटते. शेतात पॅनल लावू नका म्हणणाऱ्यांनी आधी या छपरांसाठी जाळं वाढवा म्हणून भांडायला हवं.

गेल्या काही वर्षांत पुण्याला भावाकडे गेले की हाच विषय निघतो. त्याच्या सोसायटीत गच्चीवर सोलरचं घाटत होतं. भारतात आता १० किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला वीज कंपनीच्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, आणि सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्यांचं घोडं अडलं होतं ते सर्वसाधारण सभेत. वरच्या मजल्यावाल्यांना गळतीची भीती, काहींना पापड-कुरडया वाळवायची जागा जाण्याची, काहींना गच्ची नेमकी कुणाची याची. भाऊ म्हणाला, "ताई, तुमच्याकडे बरं, कुणाला विचारायचं नाही." मी त्याला पन्हळ आणि काचेची पडवी सांगितली. मग आम्ही मिळून उंच सांगाड्याचा नकाशा केला, खाली माणसाला उभं राहून वावरता येईल असा, आणि गळतीची हमी ठेकेदाराकडून लिहून घ्यायचं कलम ठरावात घातलं. दोन सभा लागल्या. ठराव झाला.

काम संपल्यावर मी एक फाइल करते. पॅनलच्या कडेशी टेप धरून काढलेले फोटो, छपराच्या माथ्यापासूनचं अंतर, शेजाऱ्यांना दिलेल्या चिठ्ठीची प्रत, विजेच्या कंपनीचं पत्र. कौन्सिलचा कागद नसतो, म्हणून हा कागद हवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील विचारतोच, परवानगी लागत नव्हती कशावरून? ज्यांना फार धास्ती वाटते त्यांना मी कौन्सिलकडून कायदेशीरपणाचा दाखला घ्यायला सांगते. काम सुरू होण्याआधी तो मागितला, तर त्याचं शुल्क अर्जाच्या निम्मं असतं. २०१०-१२ च्या काळात काही कंपन्यांनी लोकांची छपरं पंचवीस वर्षांच्या भाड्याने घेऊन फुकट पॅनल लावले होते. ती घरं आज विकायला निघतात तेव्हा भाडेपट्टा कुणाच्या नावावर, काढायचे तर कुणी काढायचे, याचा गुंता सोडवायला माणसं आमच्याकडे येतात. गरज संपल्यावर काढावेत ही अट कायद्यात पहिल्यापासून आहे. त्या खर्चाचा विचार करारात कुणी केलेला नव्हता.

आता माझं मन जिथे अडकलं आहे ती जागा फ्लॅटांची आहे. नियमातली सूट घराइतकीच फ्लॅटांच्या इमारतीलाही आहे. पण छप्पर जमीनमालकाचं, फ्लॅटधारक दीर्घ भाडेपट्ट्यावर, आणि प्रत्येकाचा वीज पुरवठादार वेगळा. छपरावर पॅनल लावलेच तर त्यांची वीज बहुतेक वेळा जिन्यातले दिवे आणि लिफ्ट यांच्यापुरती राहते. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं छप्पर आहे त्याला कुणाला न विचारता स्वस्त वीज, आणि ज्याच्याकडे नाही त्याला सूट असूनही काही नाही. भाडेपट्टाधारकांच्या बहुमताने मागणी केली तर जमीनमालकाने वाजवी कारणाशिवाय नकार देऊ नये, असा कायदा व्हायला हवा, असं मी आमच्या खासदारांना लिहिलं आहे.

सध्या शहरातल्या एका तीन मजली इमारतीसाठी मी आराखडा करते आहे. बारा फ्लॅट, सपाट छत, कौन्सिलच्या परवानगीची गरज नाही. तरी रहिवाशांची आणि जमीनमालकाच्या प्रतिनिधीची एकत्र बैठक मीच मागून घेतली. वरच्या मजल्यावरच्या दोन घरांना पावसात छतावरून येणारा आवाज वाढेल का, हे विचारायचं आहे आणि तळमजल्यावरच्यांना आपल्या मीटरपर्यंत वीज कशी पोचेल ते. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही दोन पर्याय मांडणार आहोत, एकात सगळ्या इमारतीचं एकच मीटर, दुसऱ्यात प्रत्येक फ्लॅटला छपरावरच्या पॅनलांचा ठरावीक वाटा. पहिला स्वस्त आहे, पण त्यात पुरवठादार निवडायची मोकळीक कमी होते. दुसऱ्याला जास्त यंत्रं लागतात. कुठला घ्यायचा ते बारा घरांनी ठरवायचं आहे.